को-क्यू-टेन आणि सायकोसिस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्याच्या नौपाड्यात माझं मेडिकल आहे. माझ्या मोठ्या भावाला, दादाला, एकोणीस वर्षांपासून स्किझोफ्रेनिया आहे. हे दोन्ही आमच्या भागात बऱ्याच जणांना ठाऊक असल्यामुळे दुकानातली गर्दी ओसरली की कुणीतरी काउंटरला टेकून हळूच विचारतं, "ताई, ते को-क्यू-टेन मनाच्या आजारावर चालतं का हो?" कळवा, वाशी, ऐरोलीहूनही फोन येतात. दरवेळी पाच मिनिटांत सगळं सांगून होत नाही, म्हणून नीट लिहून ठेवलं आहे. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. यातलं काहीही वाचून कुणाचीही गोळी बदलू नका.

आणखी एक. सायकोसिस, जो स्किझोफ्रेनियात होतो, म्हणजे भास होणं, नसलेले आवाज ऐकू येणं, कुणीतरी आपल्याविरुद्ध कट करतंय अशी पक्की खात्री वाटणं. मराठी पुस्तकांत यासाठी 'मनोविकृती' असा शब्द छापतात. घरच्या माणसासाठी तो मला वापरवत नाही.

को-क्यू-टेन म्हणजे नेमकं काय? औषध की व्हिटॅमिन?

दोन्ही नाही. व्हिटॅमिन बाहेरून घ्यावं लागतं, हे आपलं शरीर स्वतः तयार करतं. 1957 साली अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात फ्रेडरिक क्रेन यांनी बैलाच्या हृदयाच्या पेशींतून ते वेगळं काढलं. पुढच्याच वर्षी कार्ल फोकर्स यांच्या चमूनं त्याची रचना उलगडली. त्याचं दुसरं नाव युबिक्विनोन, म्हणजे जवळजवळ सगळीकडे सापडणारं. कॅप्सूल सुईनं टोचून बशीत पिळलीत तर आत केशरी-पिवळं, तेलकट, दाट असं काहीतरी निघतं. बोटाला लागलं तर हळदीसारखा डाग राहतो.

काम कळायला ठाणे स्टेशनबाहेरच्या शेअर रिक्षा डोळ्यांसमोर आणा. पेशीत ऊर्जा तयार करणारा कारखाना म्हणजे मायटोकॉन्ड्रिया. तिथे अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन मुख्यतः दोन स्टँडवर जमतात, कॉम्प्लेक्स एक आणि कॉम्प्लेक्स दोन. तिथून त्यांना कॉम्प्लेक्स तीनला नेऊन सोडायचं काम को-क्यू-टेन करतं. सोडलं की रिकामं परत, पुन्हा भरून फेरी. या साखळीतून ऊर्जा कशी साठते हे सांगणाऱ्या पीटर मिचेल यांना 1978 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. फेऱ्या अडल्या की स्टँडवर गर्दी होते, इलेक्ट्रॉन भलतीकडे सांडतात आणि ऑक्सिजनला चिकटून पेशीला त्रासदायक रेणू बनतात. ते निवळायलाही को-क्यू-टेन मदत करतं.

याचा आणि स्किझोफ्रेनियाचा संबंध कुणी जोडला?

तो ओढूनताणून जोडलेला नाही, हे आधी सांगते. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम 2 टक्के, पण विश्रांतीच्या वेळीही शरीराच्या ऊर्जेचा साधारण पाचवा हिस्सा तो एकटा खातो. त्यामुळे ऊर्जेच्या कारखान्यात बिघाड झाला तर त्याची झळ मेंदूला लवकर लागणार, हे उघड आहे. मृत्यूनंतर दान केलेल्या मेंदूंच्या अभ्यासात स्किझोफ्रेनिया असलेल्यांच्या मायटोकॉन्ड्रियात फरक दिसले. इस्रायलमध्ये डोरित बेन-शाखार यांच्या गटानं रक्तातल्या प्लेटलेटमध्ये कॉम्प्लेक्स एकचं काम बदललेलं पाहिलं. शिवाय मायटोकॉन्ड्रियाचे जे आनुवंशिक आजार आहेत, त्यांच्यातल्या काही रुग्णांना भास आणि भ्रम होतात, हे डॉक्टरांना पूर्वीपासून माहीत होतं.

आणि घरच्यांना रोज दिसतं ते वेगळंच. भास गोळ्यांनी बरेच आटोक्यात येतात, पण लक्ष न लागणं, सांगितलेलं न राहणं, अंगात बळच नसणं हे मागे उरतं. त्यावर आजच्या गोळ्या फारशा चालत नाहीत. तेव्हा "पेशीची ऊर्जा वाढवली तर?" हा प्रश्न शहाणाच होता. मला स्वतःला तो फार पटला होता.

मग रुग्णांना देऊन पाहिलं का? काय निघालं?

पाहिलं. आयर्लंडमध्ये स्किझोफ्रेनिया आणि स्किझोअफेक्टिव्ह (भास-भ्रमांबरोबर मनःस्थितीचेही मोठे चढ-उतार असणारा) आजार असलेल्या 72 जणांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत वाटणी केली. एका गटाला रोज 300 मिलिग्रॅम को-क्यू-टेन, दुसऱ्याला तशीच दिसणारी पण आत औषध नसलेली कॅप्सूल. नेहमीच्या गोळ्या दोघांच्याही चालू. असं सहा महिने. तिसऱ्या आणि सहाव्या महिन्याला तपासणी. मुख्य प्रश्न होता लक्ष आणि कामापुरतं डोक्यात धरून ठेवण्याची स्मृती सुधारते का. त्याबरोबर थकवा, उदासी, चिंता, आयुष्याची गुणवत्ता आणि मायटोकॉन्ड्रियाचं कामही मोजलं. निष्कर्ष 2021 साली छापून आले.

कॅप्सूल घेणाऱ्यांच्या रक्तात को-क्यू-टेन वाढलं. बाकी कशातच फरक पडला नाही.

त्या दुसऱ्या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबले होते. दादाच्या नावानं मी स्वतः एक बाटली बाजूला काढून ठेवली होती. पण पहिलं वाक्यही सोडू नका. रक्तात वाढलं, म्हणजे माणसांनी कॅप्सूल खरंच घेतल्या होत्या आणि पोटातून त्या शोषल्याही गेल्या होत्या. पण सगळ्यांनी त्या नियमित घेतल्या नाहीत, हे संशोधकांनीच सांगितलं आहे, त्यामुळे "नीट घेतलं नसेल" ही शंका पूर्ण मिटत नाही.

एवढा पटणारा विचार, मग फळला का नाही?

पुन्हा रिक्षांकडे या. घोडबंदर रोड तुंबलेला असताना स्टेशनबाहेर आणखी पन्नास रिक्षा आणून उभ्या केल्या तर कुणी लवकर घरी पोचेल का? बिघाड स्टँडवर असेल, रस्त्यात असेल, तर वाहनं वाढवून उपयोग नाही. स्किझोफ्रेनियात को-क्यू-टेन कमी पडतं म्हणून आजार होतो, असं कुणी दाखवलेलं नाही. कारखान्यात फरक दिसतात एवढंच. ते फरक आजाराचं मूळ आहेत, परिणाम आहेत की काही अंशी औषधांमुळे आहेत, यावर अजून काम चालू आहे.

दुसरं कारण असं की हा रेणू मोठा आणि चरबीत विरघळणारा आहे. रक्तात वाढला म्हणजे मेंदूच्या पेशीत तितकाच पोचला, असं धरता येत नाही. आणि उंदरांवरच्या प्रयोगांचा हवाला देणारे व्हिडिओ येतात त्यांना एवढंच सांगा की उंदरांच्या शरीरात मुख्यतः को-क्यू-नाइन असतं, आपल्यात टेन.

72 माणसं म्हणजे काहीच नाहीत. मोठ्या प्रयोगात गुण दिसेल ना?

दिसू शकतो. लहान प्रयोगात बारीकसा फायदा निसटू शकतो, हे त्या संशोधकांनीही मान्य केलं आहे. पण पार्किन्सनचं उदाहरण लक्षात ठेवा. 2002 साली 80 रुग्णांवरच्या अभ्यासात को-क्यू-टेनच्या मोठ्या डोसनं आजार सावकाश वाढतो असं दिसलं आणि जगभर आशा पसरली. मग अमेरिकेत 600 रुग्णांवर, रोज 1200 आणि 2400 मिलिग्रॅम देऊन, मोठी चाचणी घेतली. ती 2011 साली मध्येच थांबवावी लागली, कारण फायदा होण्याची शक्यताच उरली नव्हती. हंटिंग्टनच्या, म्हणजे मेंदूच्या एका आनुवंशिक आजारात 609 जणांना घेऊन 2400 मिलिग्रॅमवर अशीच चाचणी झाली. तीही त्याच कारणानं थांबली. या दोन्ही आजारांत मायटोकॉन्ड्रियाचा हात असल्याचा पुरावा स्किझोफ्रेनियापेक्षा बळकट होता. "डोस कमी पडला असेल" असं म्हणून कुणी तुम्हाला चौपट कॅप्सूल घ्यायला सांगितल्या, तर ही दोन उदाहरणं त्यांच्यापुढे ठेवा.

बायपोलरमध्ये उपयोग होतो असं वाचलं. खरं का?

इथे दार थोडं किलकिलं आहे. बायपोलर म्हणजे कधी अति उत्साह, कधी खोल उदासी असा आजार. इराणमध्ये त्याच्या उदासीच्या टप्प्यातल्या 69 रुग्णांना नेहमीच्या औषधांबरोबर आठ आठवडे रोज 200 मिलिग्रॅम को-क्यू-टेन किंवा खोटी कॅप्सूल दिली. को-क्यू-टेनच्या गटात उदासी जास्त उतरली. हा अभ्यास 2018 चा. उलट ऑस्ट्रेलियात को-क्यू-टेनसह मायटोकॉन्ड्रियाला पोषक अशा अनेक घटकांचं मिश्रण देऊन पाहिलं, तेव्हा ठरवलेल्या 16 व्या आठवड्याला खोट्या कॅप्सूलपेक्षा ठळक फरक दिसला नाही. तेव्हा डॉक्टरांशी बोलण्याइतपत आधार आहे, स्वतःहून सुरू करण्याइतपत नाही. हे उदासीबद्दल झालं. भास-भ्रमांना ते लागू करू नका.

माझ्या वडिलांना तर हृदयाच्या डॉक्टरांनीच लिहून दिलंय!

हो, आणि त्यात चूक नाही. हृदय कमजोर झालेल्या 420 रुग्णांवर दोन वर्षं चाललेल्या चाचणीत रोज 300 मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी 15 टक्क्यांना गंभीर हृदयघटना झाल्या, न घेणाऱ्यांत 26 टक्क्यांना. ती 2014 साली प्रसिद्ध झाली. वस्तू टाकाऊ नाहीच. पण हृदयाला लागू पडलं म्हणून मनाच्या आजाराला लागू पडेल, असं होत नाही.

मानसिक आजाराच्या गोळ्यांमुळेच मायटोकॉन्ड्रिया बिघडतात म्हणे. गोळ्या थांबवून को-क्यू-टेन दिलं तर?

नको. अजिबात नको.

या सांगोवांगीचं मूळ सांगते. सायकोसिसवरची हॅलोपेरिडॉलसारखी औषधं प्रयोगशाळेत कॉम्प्लेक्स एकला अडवतात, हे 1993 साली छापून आलं आहे आणि ते खरं आहे. पण काचेच्या नळीतला डोस आणि माणसाच्या अंगात पोचणारा डोस एक नसतो, आणि आजार औषधाविना चालू राहिला तर त्याचंही मेंदूला मोल द्यावं लागतं. 2012 साली 65 चाचण्यांचा एकत्र हिशेब झाला. गोळ्या चालू ठेवलेल्यांपैकी वर्षभरात 27 टक्क्यांचा आजार उलटला. थांबवून खोटी गोळी दिलेल्यांपैकी 64 टक्क्यांचा.

आमच्या घरातलं सांगते. दादाला कुठल्याशा आरोग्य प्रदर्शनात एका स्टॉलवरच्या माणसानं पटवलं, की "या कॅप्सूलनं मेंदू आतून दुरुस्त होतो, मग त्या गोळ्यांची गरजच नाही." दादानं आम्हाला काही सांगितलं नाही. सकाळी माझ्यासमोर गोळी तोंडात टाकायचा, पाणी प्यायचा. पहिला दीड महिना तर तो इतका तरतरीत दिसत होता, की आई म्हणाली, "कॅप्सूल मानवली गं त्याला." गोळीची गुंगी उतरली की माणूस काही दिवस असाच ताजा वाटतो. मला, फार्मासिस्टला, ते कळायला हवं होतं. मग त्यानं फ्रिजचा प्लग काढायला सुरुवात केली. फ्रिज बोलतो म्हणाला. दूध नासायचं, आई पुन्हा प्लग लावायची, तो पुन्हा काढायचा.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी आई देव घासायला काढत होती. देव्हाऱ्यामागच्या फटीत हात घातला तर कापूस, जुन्या वाती आणि त्यांच्याखाली गोळ्या. काही अर्धवट विरघळून एकमेकींना चिकटलेल्या. आईनं त्या एका वाटीत गोळा केल्या आणि वाटी माझ्यापुढे धरली. मी मोजल्या. एकसष्ट होत्या. सावरायला पुढे पाच महिने लागले, आणि डोस पूर्वीपेक्षा वाढवावा लागला.

गोळ्यांचा त्रास होत असेल, वजन वाढत असेल, दिवसभर झोप येत असेल, तर तक्रार शंभर टक्के खरी आहे. डॉक्टर गोळी बदलू शकतात, डोस हळूहळू उतरवू शकतात, वेळ बदलू शकतात. ते मागायचा तुम्हाला हक्क आहे.

रक्त तपासून कमतरता कळेल का?

तपासणी होते, पण सायकोसिसमध्ये तिच्यावरून उपचार ठरत नाहीत. रक्तातलं प्रमाण कोलेस्टेरॉलबरोबर वर-खाली होतं. कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गटातल्या गोळ्यांनीही ते उतरतं, कारण शरीर कोलेस्टेरॉल आणि को-क्यू-टेन एकाच वाटेनं बनवतं. तेच पैसे साखर, लिपिड आणि वजन-कंबर यांच्या नियमित तपासणीला घाला. मनाच्या गोळ्या घेणाऱ्यांत या गोष्टी बिघडतात आणि त्या वेळेत सावरता येतात.

खाण्यातून मिळतं का?

मिळतं. बांगडा, तारली, कलेजी, शेंगदाणे, तीळ. रोजच्या जेवणातून साधारण 3 ते 6 मिलिग्रॅम. कॅप्सूलच्या मानानं नगण्य, पण तब्येतीला बांगडा चांगलाच. शाकाहारी आहोत म्हणून कमतरता होईल, ही भीती नको.

"नैसर्गिक आहे, त्रास काय होणार?"

बहुतेकांना विशेष होत नाही, हे खरं. मळमळ, पोट बिघडणं, कुणाकुणाला रात्री झोप न लागणं. झोप उडणं ही सायकोसिसच्या घरात किरकोळ गोष्ट नसते. आजार उलटतो तेव्हा पुष्कळदा आधी झोपच जाते, म्हणून मी हा त्रास हलका धरत नाही. रक्त पातळ करणारी वॉरफरिन चालू असेल तर तिचा परिणाम को-क्यू-टेननं कमी होऊ शकतो, त्यामुळे त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नका. रक्तदाबही थोडा उतरू शकतो. सायकोसिसवरच्या क्लोझापिनसारख्या गोळीनं आधीच उभं राहताना चक्कर येत असेल तर सांभाळा. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईनंही विचारल्याशिवाय घेऊ नये.

बाटलीवर अन्न परवान्याचा चौदा आकडी क्रमांक असतो आणि हे औषधी वापरासाठी नाही, अशा अर्थाची ओळ असते. ती बारीक अक्षरातली ओळ मी आता प्रत्येकाला काउंटरवर वाचून दाखवते.

मग कुणालाच उपयोग नाही?

एक लहान गट आहे. ज्यांना जन्मतःच को-क्यू-टेन बनवता येत नाही, त्यांच्यासाठी हेच खरं औषध आहे आणि ते लवकर सुरू करावं लागतं. मायटोकॉन्ड्रियाच्या इतर आनुवंशिक आजारांकडेही लक्ष हवं: सायकोसिसबरोबर फिट येणं, तरुणपणी पक्षाघातासारखा झटका, कमी ऐकू येणं, मधुमेह, बुटकेपणा, स्नायू लवकर दमणं, आणि आईकडच्या नात्यात असेच आजार, यातल्या दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर मानसोपचारतज्ज्ञांना स्पष्ट सांगा. ते न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवतील. असे रुग्ण विरळा, पण हातून निसटू नयेत.

मुलगा दिवसभर पडून असतो. लोक आळशी म्हणतात. कॅप्सूल नाही, तर काय करू?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि विचारणारी बहुधा आईच असते. ताई, तो आळस नाही. तो आजाराचा भाग आहे, किंवा गोळीची गुंगी, किंवा उदासी. तिन्हींवर उपाय वेगवेगळे, म्हणून नेमकं कोणतं ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या. लक्ष आणि स्मृतीसाठी सरावाचे कार्यक्रम असतात. त्यांच्या जोडीला खरं काम मिळालं, मग ते दुकानातलं दोन तासांचं का असेना, तर फायदा टिकतो. दम लागेल असा नियमित व्यायाम विचारशक्तीला मदत करतो, याचा पुरावा को-क्यू-टेनपेक्षा चांगला आहे. दोन वेगवेगळ्या गोळ्या पुरेशा डोसमध्ये, पुरेसा काळ देऊनही भास थांबले नसतील तर क्लोझापिनबद्दल विचारा. तिला सुरुवातीला दर आठवड्याला रक्ततपासणी लागते म्हणून घरचे घाबरतात आणि वर्षं वाया जातात.

दादा सकाळी साडेसहाला मासुंदा तलावाला फेऱ्या मारतो. आधी एक, आता चार. पहिले तीन महिने मी त्याच्याबरोबर चालत होते. तो मध्येच बाकावर बसून राहायचा आणि मीही बसायचे.

डॉक्टरांना विचारलं तर ते चिडतील का?

बाटली किंवा तिचा फोटो घेऊन जा. "हे सुरू करू का" याऐवजी "आम्ही हे आणलंय, चालू गोळ्यांशी जुळतं का आणि याच्यानं आम्हाला काय बदल दिसायला हवा?" असं विचारा. चांगला डॉक्टर चिडत नाही. लपवून घेतलेली कॅप्सूल मात्र त्याची पंचाईत करते, कारण झोप का उडाली, चक्कर का आली, हे त्याला कळत नाही. आधीपासून घेत असाल तर तेही सांगा.

ठाणे-नवी मुंबईत कुठे जाऊ?

ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय 1901 पासून आहे. आमच्या लहानपणी "ठाण्याला पाठवू" ही शिवी होती. प्रत्यक्षात तिथे बाह्यरुग्ण विभाग आहे, जिथे तपासून गोळ्या घेऊन माणसं संध्याकाळी आपापल्या घरी असतात. कळव्याला महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे, वाशीला नवी मुंबई महापालिकेचं. ठाण्यातच डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 साली सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्था आहे. रात्री-अपरात्री घाबरायला झालं तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक फिरवा. चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करेल असं वाटलं तर फोनवर थांबू नका, सरळ जवळच्या रुग्णालयात न्या.

घरात तीन बाटल्या आहेत. परत घेता का?

सील न फोडलेली, मुदतीतली आणि माझ्याच दुकानाचं बिल असलेली बाटली मी परत घेते. रोज 300 मिलिग्रॅम म्हणजे 100 च्या तीन कॅप्सूल, महिन्याच्या नव्वद, तेव्हा रक्कम लहान नसते. पैसे रोख नको असतील तर नेहमीच्या गोळ्यांच्या पुढच्या महिन्याच्या बिलात वळते करते. सोबत आठवड्याची, सात खणांची गोळ्यांची डबी देते. ती रविवारी सकाळी दोघांनी मिळून भरा, एकानं नको. आमच्याकडे दादा गोळ्या टाकतो आणि आई झाकणं लावते.